शुभेच्छांसोबत राहिलेले धडेही कळवा

महोदय,

शिक्षकांची वर्षअखेरची मनोगते आणि नववर्षाच्या शुभेच्छा आपल्या पुरवणीत वाचल्या. भावना पोहोचल्या; पण शाळेचे वर्ष ३१ डिसेंबरला संपत नाही, हे बहुतेकांच्या लिहिण्यातून निसटले. दुसरे सत्र तेव्हा अर्धेही झालेले नसते. सोलापुरात तर लगेच सिद्धेश्वर यात्रा येते: ६८ लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, मग गड्डा म्हणजे यात्रेची जत्रा. त्यातच स्नेहसंमेलन आणि २६ जानेवारीची कवायत. दहावीला सलग तासिकांचे दिवस मोजकेच उरतात आणि मागे पडते ती बहुधा भूमितीची उजळणी.

शुभेच्छापत्रात हेच असावे: कोणते धडे राहिले, जादा तास कधी, कोणत्या दिवशी गैरहजेरी अजिबात चालणार नाही. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फुलाफुलांचे चित्र विडीची पाने कापता कापता आई बघते आणि पुढे सरकवते. त्याऐवजी मजकूर चारच ओळींचा ठेवून फळ्यावर लिहावा. मुलांनी तो वहीत उतरवावा, घरी तेलुगूत सांगावा आणि खाली पालकांची सही किंवा अंगठा आणावा. कोऱ्या परत आलेल्या वह्यांवरून कुणाच्या घरी जायचे, ते शिक्षकांना कळेल.

– एक वाचक, सोलापूर