भेटवस्तूंची नोंद कारखान्याच्या फाटकावरच व्हावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की जळगावच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या फाटकांवर मिठाईच्या खोक्यांची रीघ लागते. येथील एका डाळमिलमध्ये मी बावीस वर्षे खरेदी विभाग सांभाळला, म्हणून या खोक्यांविषयी लिहीत आहे.

एका वर्षी उडीद पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने काजूकतलीचा डबा थेट माझ्या घरी पाठवला. तळाच्या कागदाखाली चांदीची पाच नाणी होती. ‘सणाचे आहे, राहू द्या’, असे घरचे म्हणाले आणि मीही संकोचाने गप्प राहिलो. पंधरा दिवसांनी त्याचा ट्रक आला, तेव्हा मालाचा ओलावा ठरल्यापेक्षा जास्त निघाला. दुसऱ्या कोणाचा माल असता तर मी तिथल्या तिथे दर कापला असता. त्या दिवशी मात्र माझी जीभ रेटेना. त्याने काही मागितले नव्हते, तरी त्याचे काम झाले होते. दुसऱ्या दिवशी मी नाणी परत केली आणि मालकांना सगळे सांगितले, पण तोवर ट्रक रिकामा झाला होता.

लाच म्हटली की आपल्याला सरकारी कचेरी आठवते. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाऱ्यालाही ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत तपास यंत्रणेला कळवावे लागते. कंपनीसाठी कोणी लाच दिली तर कंपनीही आरोपी होते आणि ती रोखण्याची पुरेशी व्यवस्था आपल्याकडे होती, हे तिला दाखवावे लागते. परंतु हा कायदा मुख्यतः लोकसेवकांशी होणाऱ्या व्यवहारांसाठी आहे. खासगी कंपनीचा खरेदी अधिकारी पुरवठादाराकडून पाकीट घेतो, तो व्यवहार त्यात थेट बसत नाही. ही फट कंपनीने स्वतःच्या लेखी नियमाने बुजवली पाहिजे.

आमच्या मिलमध्ये नाण्यांच्या त्या प्रसंगानंतर फाटकावर नोंदवही आली. घरी कोणी काही घ्यायचे नाही, मिठाई आली तर हमालांसह सर्वांनी वाटून खायची आणि रोकड, सोने-चांदी किंवा गिफ्ट व्हाउचर असेल तर त्याच दिवशी पत्रासह परत पाठवायचे, असे ठरले. नमुना काढणारा आणि दर ठरवणारा वेगळा केला. मालकांनी पहिली नोंद स्वतःच्या घरी आलेल्या भेटीची केली, म्हणूनच हा नियम टिकला, असे मला मनापासून वाटते. आपण देत असलेल्या भेटींनाही तोच न्याय हवा; एका व्यावसायिकाला वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक मूल्याचा लाभ दिल्यास भेट देणाऱ्याने १० टक्के कर (टीडीएस) कापून भरण्याची तरतूद १ जुलै २०२२ पासून आहे, तेव्हा अशा भेटी हिशेबात उघड दाखवाव्याच लागतात.

‘अशाने धंदा तुटतो’ ही भीती मी अनेकांकडून ऐकली. तो उडदाचा व्यापारी पुढेही आम्हाला माल देत राहिला, वाळवलेला.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील उद्योजक संघटनांनी यंदा दिवाळीच्या महिनाभर आधी आपल्या सर्व पुरवठादारांना या नियमाचे एकच संयुक्त पत्र पाठवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त खरेदी अधिकारी, जळगाव