हिमस्खलनाचा इशारा तंबूपर्यंत पोहोचू द्या: मा. संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांस

सप्रेम नमस्कार.

मी पुण्याचा ट्रेक लीडर. गेली चौदा वर्षं दर हिवाळ्यात वीसेक जणांचा गट घेऊन गढवालमध्ये जातो. बँकेतले, आयटीतले, शाळेत शिकवणारे, कधी कॉलेजातल्या मुलीसोबत आलेली एखादी आई. त्यांनाही वाचता यावं म्हणून हे पत्र मराठीत लिहितोय. देशात हिमस्खलनाचा अंदाज देणारी संस्था, चंदीगडची डीजीआरई, आपल्या खात्याच्या डीआरडीओत येते. म्हणून हे पत्र आपल्याला.

२८ फेब्रुवारी २०२५ ची पहाट आपल्याला आठवत असेल. बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ५४ कामगार बर्फाखाली अडकले, बरेचसे कंटेनरमध्ये झोपलेले. ४६ वाचले, ८ गेले. आदल्याच संध्याकाळी डीजीआरईनं चमोलीसह उत्तराखंडच्या उंच भागांसाठी चोवीस तासांचा इशारा दिला होता. शास्त्रज्ञांचं काम चोख झालं होतं. इशारा निघाला, पण माणसं जिथं होती तिथंच राहिली. ही मधली फट मला झोपू देत नाही, कारण माझी माणसंही त्याच जिल्ह्यात तंबू ठोकतात.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला दरड कळते, बर्फ कळत नाही. आमच्याकडे पाऊस थांबला की ओढा उतरतो आणि जिवात जीव येतो. हिमालयात उलटं असतं. पश्चिमी झंझावात दोन दिवस बर्फ ओतून जातो, तिसऱ्या दिवशी आभाळ निळंशार होतं, आणि तो दिवस सर्वांत फसवा असतो. वाऱ्यानं कड्याच्या आडोशाला आणून टाकलेला ताजा बर्फ अजून खालच्या थराला धरलेला नसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानंही अख्खी लादी सुटते.

हे मी शिकलो ते कुआँरी पासच्या वाटेवर, खुल्लारा कॅम्पला. दोन रात्री बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. पोरं नाचत होती, द्रोणागिरीचे फोटो काढत होती. आमचा गाइड मात्र स्वयंपाकाच्या तंबूतलं फावडं घेऊन उताराच्या कडेला गेला आणि कमरेएवढा खड्डा खणला. वर हातभर जाडीचा घट्ट थर होता. त्याच्या खाली हात घालून त्यानं मूठभर बर्फ काढला आणि माझ्या हातमोज्यावर ठेवला. साखरेसारखे मोठे, कोरडे दाणे. दाबले तरी गोळा होईना, बोटांतून निसटून गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला पडलेला पातळ बर्फ स्वच्छ, कडाक्याच्या रात्रींत असा भुगा होऊन बसतो. “नीचे पकड़ नहीं है, सर,” एवढंच तो बोलला. आम्ही परत फिरलो.

त्याच सकाळी दुसरा एक गट आमच्या शेजारून वर गेला आणि संध्याकाळी सुखरूप खाली आला. माझ्या गटातल्या काहींनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. त्यांचा दोष नाही. डोंगरानं दहा वेळा सोडून दिलं की माणसाला वाटतं आपल्याला डोंगर कळला.

माझ्याकडं तो गाइड होता. सगळ्यांकडं नसतो. आणि खड्ड्यातून एका उताराचं कळतं, अख्ख्या खोऱ्याचं कळत नाही. ते डीजीआरईला कळतं. पण लोकांपर्यंत येणारा इशारा असतो जिल्ह्याचं नाव, उंची आणि धोक्याची पातळी. चमोली म्हटलं की औली, कुआँरी, माणा सगळं एका ओळीत. उत्तरेकडचा उतार टाळायचा की पूर्वेकडचा, धोका ताज्या बर्फाचा आहे की खालच्या कच्च्या थराचा, दुपारच्या उन्हानं तो वाढेल का, हे कळलं तर लीडरला काही ठरवता येतं. स्वित्झर्लंडमध्ये दावोसची संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी हे सगळं सांगणारं पत्रक काढते, चार भाषांत. सीमेवरच्या चौक्यांची माहिती गुप्त राहिलीच पाहिजे. पण केदारकांठा, दयारा, कुआँरी, औली या पर्यटकांच्या वाटा आहेत, तिथं लपवण्यासारखं काय आहे?

इशारे ‘सचेत’ या आपत्तीच्या सूचना देणाऱ्या सरकारी अॅपवर येतात हे मला माहीत आहे. खुल्लाराला फोनला रेंज नसते. शेवटची रेंज असते खाली जोशीमठला, आणि कागद चिकटवायला भिंत असते वनखात्याच्या चौकीत, जिथं परवाना घ्यावाच लागतो. तिथं रोजचं पत्रक हिंदीत, बंगालीत, मराठीत लागावं. या वाटांवर या भाषा बोलणारे आम्हीच मोठ्या संख्येनं असतो. धोका वरच्या पातळीचा असेल त्या दिवशी परवानाच देऊ नये. त्यासाठी राज्य सरकारशी आपल्या खात्यानं बोलावं. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटकांचा जीव गेला, तेव्हा परवानगी तेराव्या मैलापर्यंत होती आणि माणसं पंधराव्या मैलावर होती.

बर्फाखाली गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर आला तर बहुतेकदा जगतो, अर्ध्या तासानंतर फार थोडे जगतात. आमच्याकडच्या बहुतेक गटांपाशी गाडलेल्याचा ठाव सांगणारा बीकन नसतो, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी म्हणजे प्रोब नसतो, फावडं असलंच तर ते स्वयंपाक्याचं. जोशीमठहून मदत निघेपर्यंत ती वेळ टळून गेलेली असते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा जोशीमठला असेन, सोबत एकवीस जण. चौकीत नावं लिहिताना रजिस्टरच्या शेजारी त्या दिवसाचं पत्रक टांगलेलं असावं, एवढी व्यवस्था त्याआधी करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
पुण्याचा एक ट्रेक लीडर