खाणीच्या अर्जाला विहिरींचा पंचनामा जोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर, नावात बदल आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या सूचनांमध्ये दाबून बसवलेली एक जाहीर सूचना वाचली. आमच्या शेजारच्या गावात दगडखाण व्हायची आहे, तिची जनसुनावणी. गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, तारीख, वेळ. एकतीस वर्षे तलाठी म्हणून काढल्यामुळे बारीक अक्षराला मी घाबरत नाही, तरी भिंग लागलेच. त्या सूचनेवरून चार शब्द लिहावेसे वाटले.

आधी आमच्या विहिरीचे सांगतो. आजोबांनी बांधलेली, काळ्या दगडाची, सत्तावीस पायऱ्यांची. होळीला वरून चौदा पायऱ्या उघड्या असायच्या, त्याखाली पाणी. मोट गेली, इंजिन आले, मग वीजपंप. पण होळीच्या चौदा पायऱ्या काही हलल्या नव्हत्या. पुढे अर्ध्या किलोमीटरवर पहिली खाण आली. सुरुवातीला डबर आणि खडीच निघायची. मग खड्डा आमच्या विहिरीच्या तळापेक्षा खोल गेला. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी असते ते मुरमात आणि दगडाच्या सांध्या-भेगांत. शेजारी खोल खड्डा पडला, की त्या भेगांतले पाणी उताराने तिकडे जाते. खाणवाल्याला खड्ड्यात पाणी नको, म्हणून तो पंप लावून ते ओढ्यात सोडतो. आमचा ओढा तेव्हा भर एप्रिलमध्ये वाहायला लागला. लोकांना कौतुक! म्हशी डुंबू लागल्या. ते आपल्याच विहिरीतले पाणी आहे हे ध्यानात यायला दोन उन्हाळे गेले. आता संक्रांतीला तळ दिसतो.

तक्रार घेऊन कार्यालयात गेलो. साहेब सभ्य होते, चहा पाजला आणि विचारले, ‘काका, आधी तिथे पाणी होते याला पुरावा काय?’ मी सातबारा पुढे केला. पीकपाहणीत ऊस, सिंचनाचे साधन विहीर. त्यातल्या काही वर्षांच्या नोंदी खुद्द माझ्याच हातच्या. साहेब हसले. म्हणाले, यात विहीर आहे एवढेच कळते, पाणी किती हातांवर होते ते कुठे आहे? उत्तर नव्हते. पिकांच्या नोंदीचा जो गाव नमुना बारा, त्याला तसा रकानाच नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, पण त्यांची विहीर आमच्या शिवारात नाही. म्हणजे तीन पिढ्या पाणी प्यायलो, आणि कागदावर ते पाणी कधी नव्हतेच.

हे सगळे डोक्यात घेऊन दोन वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत गेलो. ती पेनसिल्व्हेनिया राज्यात, अॅलनटाऊनजवळ राहते. तो भाग चुनखडीचा, सिमेंटच्या जुन्या कारखान्यांचा. त्यामुळे तिथेही खाणी, तिथेही खडीचे ट्रक. दुपारी वेळ जाईना म्हणून जावयाकडे येणारा स्थानिक पेपर वाचायचो, आणि सवयीने नजर जाहीर सूचनांवरच जायची. त्यात एका खाणीची सूचना सापडली. अर्जदार कोण, जागा कुठली, खाणीतले पाणी कोणत्या ओढ्यात सोडणार त्या ओढ्याचे नाव, अर्ज कुठे वाचायला मिळेल, हरकत कुठे पाठवायची, सगळे त्यात होते. पुढच्या आठवड्यात तीच सूचना पुन्हा. ओळीने चार आठवडे ती छापावी लागते, असे जावयाने शोधून सांगितले. मग आम्ही दोघे त्या राज्याचे नियमच उघडून बसलो. मुलगी म्हणाली, बाबा, नायगारा बघायचा सोडून हे काय?

त्या राज्यात कोळसा मोठा, म्हणून बाकी सगळ्या खनिजांसाठी 1984 साली वेगळा कायदा झाला. बिगरकोळसा खाणीचा कायदा म्हणा. वर्षाला 2,000 टनांपर्यंत माल काढणारी खाण छोटी, तिला कागद कमी. त्याच्या वर गेली की मोठी. मी लगेच ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापात, हिशेब केला. साधारण चारशे ब्रास, म्हणजे पाच ब्रासच्या हायवा डंपरच्या ऐंशी खेपा. आमच्या वेशीवरून एवढ्या खेपा चार दिवसांत जातात. तिथे मात्र तेवढ्यावर अर्जाचा बाड जाडजूड होतो. नकाशे, दगडाचे थर, पाणी कुठून कुठे जाते, खड्डा शेवटी कसा बुजवणार किंवा कसा ठेवणार, आणि परवाना हाती पडण्याआधी त्या कामापोटी तारण.

मला भावले ते वेगळेच. अर्जदाराने खाणीच्या जागेतल्या आणि आसपासच्या विहिरी-झऱ्यांची यादी द्यायची. विहीर कुठे आहे, पाणी किती खोलीवर लागते, किती मिळते, कसे आहे, कशासाठी वापरतात. खाणीमुळे कुणाचे पाणी आटण्याची किंवा बिघडण्याची शक्यता असेल, तर बदली पाणी कुठून देणार हेही अर्जातच. आणि पुढे खरोखर पाणी गेले, तर ते परत आणून देणे किंवा तितकेच, तशाच प्रतीचे दुसरे देणे हे खाणवाल्याच्या गळ्यात. साहेबांनी मला विचारलेला प्रश्न तिथे खाण सुरू होण्याआधी खाणवाल्याला सोडवावा लागतो.

तिकडे सगळे सोन्याचे आहे असे मी म्हणत नाही. जावयाच्या शेजारी राहणारे गृहस्थ खाणीच्या धुळीवरून तासभर बोलत. शिवाय राहत्या घरापासून तिथले अंतर 300 फूट, म्हणजे नव्वद-एक्याण्णव मीटर, आणि घरमालकाने संमती दिली तर त्याच्याही आत. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरुंग लावणाऱ्या दगडखाणीसाठी सुचवलेले अंतर 200 मीटर आहे. कागदावर आपण दुपटीने कडक! म्हणून ‘आपल्याकडे कायदेच नाहीत’ हे चावडीवरचे वाक्य मला पटत नाही.

कायदे आहेत. 2006 ची पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना आहे. पाच हेक्टरांच्या आतल्या गौण खनिजाच्या, म्हणजे दगड-वाळूसारख्या मालाच्या, खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 ला बजावले. तरी पाच हेक्टरांच्या आतल्या एकट्या खाणीला जनसुनावणी लागत नाही, आणि 4 हेक्टर 90 आर हा आकडा खाणपट्ट्यांना इतका का मानवतो, हे महसूल खात्यात काम केलेल्या माणसाला विचारू नये. पाचशे मीटरच्या आत दुसरी खाण असेल तर दोन्हींचे क्षेत्र एकत्र धरायचे, हाही नियम आहे. फक्त ते अंतर मोजायला टेप घेऊन कुणीतरी जावे लागते.

सुनावणी होते तिथलीही गत सांगतो. किमान तीस दिवस आधी सूचना, खाणीच्या पर्यावरण परिणाम अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, स्थानिक कार्यालयात, सारांश मराठीत. पूर्ण अहवाल मात्र इंग्रजीत. मागच्या खाणीचा मी जाऊन वाचला होता. पाण्याच्या प्रकरणात दहा किलोमीटरच्या परिघातले आठ नमुने होते, तेही एकाच ऋतूतले. त्यातला एक आमच्या गावातला होता. कुठला म्हणाल, तर ग्रामपंचायतीचा नळ! नळाला पाणी येते धरणाच्या योजनेतून. विहिरींबद्दल ‘परिसरात भूजल उपलब्ध आहे’ एवढे एक वाक्य. सुनावणीला मांडव, माईक, वडापाव सगळे होते. सल्लागार कंपनीचा मुलगा पडद्यावर तक्ते दाखवत होता आणि आमची माणसे रोजगाराचे विचारत होती. विहिरीचे कुणी विचारले नाही, मीही नाही. तेव्हा आमच्या चौदा पायऱ्या जागेवर होत्या ना.

माझी मागणी एवढीच आहे, की खाणपट्ट्याच्या अर्जासोबत एक किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक विहिरीचा आणि बोअरचा पंचनामा सक्तीचा करावा. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. पाण्याची पातळी, तळाची खोली, फोटो, विहीरमालकाची आणि अर्जदाराची सही. मराठीत. एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर, एक मालकाच्या हातात. याला ना नवा कायदा लागतो ना अमेरिका; दोर, टेप आणि कोतवाल पुरे. माझ्या उमेदीत मी अशा शंभर विहिरी आठवड्यात उरकल्या असत्या. खर्च अर्जदाराने करावा. खाण सुरू झाल्यावर वर्षातून दोनदा तीच मोजणी, त्याच विहिरींवर. पातळी घसरली आणि आजूबाजूच्या दूरच्या विहिरी ठीक असतील, तर बोलायला काहीतरी हाती राहील. खाणवाल्याच्याही ते सोयीचेच आहे. दुष्काळाने आटलेल्या विहिरीचे खापर त्याच्यावर फुटणार नाही.

संपादक महाशय, आपल्यालाही एक विनंती. ही सूचना आपण पैसे घेऊन छापता, त्याबद्दल तक्रार नाही. पण गावाचे नाव ठळक अक्षरात सगळ्यात वर येऊ द्या. गट नंबरवरून शिवार ओळखणारे तलाठी निवृत्त झाले, आणि तरुण पोरे पेपर वाचतात ती मोबाइलवर, तिथे ही सूचना दिसतच नाही.

सुनावणीला मी जाणार आहे. लेखी हरकत आधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवली, पोच घेतली. नवी खाण आमच्या मळ्यापासून पहिलीपेक्षाही जवळ आहे. आसपासच्या विहीरमालकांना निरोप दिलाय, की रोज नको, पण दर पौर्णिमेला दोर सोडा आणि वहीत लिहा, शेजाऱ्याची सही घ्या. सात जणांनी सुरुवात केली. एकाने तर वहीवर हळदीकुंकू वाहिले.

माझ्या वहीतली शेवटची नोंद अशी: 12 डिसेंबर, सकाळी सात. उघड्या पायऱ्या 19. पंप बंद. सही चुलतभावाची.

आपला,
एक निवृत्त तलाठी, जि. पुणे