मदतीच्या मेसेजवर तारीख तरी टाका

संपादक साहेब,
कुठं पूर आला की ग्रुपवर मदतीचे मेसेज धडाधड सुरू होतात, चांगलंच आहे, पण त्यावर ना तारीख ना वेळ. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन, रेमडेसिविर इंजेक्शनचे नंबर असेच फिरत होते, कितीतरी बंद नाहीतर स्टॉक संपलेला, आणि पेशंटचे नातेवाईक रात्रभर तेच डायल करत बसायचे. ज्या पोरापोरींनी आधी स्वतः फोन लावून खात्री केली, वेळ टाकली आणि गरज भागल्यावर पोस्ट काढून टाकली, खरा उपयोग त्यांचा झाला (बाकी आपण नुसते फॉरवर्डवाले).

२०१९च्या महापुरात कोल्हापूरच्या शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, तरी लोक गाड्या भरून निघाले, त्यात जुने फाटके कपडे, ते कोण घालणार? सांगली-कोल्हापूरला हवं होतं पिण्याचं पाणी, औषधं, पॅड, जनावरांना चारा, आणि पाणी ओसरल्यावर झाडू-फिनेल. तिथल्या ग्रुपमधल्या कुणाला एक फोन करून विचारलं तर काय बिघडतं?

आणि हो, पूरग्रस्त बाईचा फोटो नंबरासकट शंभर ग्रुपवर टाकू नका, नंतर तिला भलतेसलते फोन येत राहतात.

एक वाचक, पुणे