न मोजलेली जाळी

प्रतापनगर, नागपूर
२२ मार्च

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू बोलत होतीस तेव्हा मी नुसती "हं, हं" करत राहिले. माझं लक्ष नाही असं तुला वाटलं असेल. पण अण्णांचं तसं झाल्यापासून रात्री उशिरा फोन वाजला की पहिली दोन मिनिटं मला शब्दच कळत नाहीत, तुला माहीत आहे. त्यातून तू रडत नव्हतीस, एका सुरात बोलून राहिली होतीस, त्याचीच मला जास्त भीती वाटली. दादा म्हणाला, व्हॉइस नोट पाठव. पण हे तुला दोनतीनदा वाचावं लागेल आणि यात आकडे आहेत, म्हणून कागदावर लिहिते.

मला समजलं ते असं. शाळेच्या इमारतीची चोवीस फूटिंग (खांबांखालचे पाये), दोन बाय दोन मीटरची, पंचेचाळीस सेंटिमीटर जाडीची. खोदाई आणि पीसीसी, म्हणजे तळचा साध्या काँक्रीटचा थर, तू कनिष्ठ अभियंता म्हणून स्वतः मोजून एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, चढवलंस. मग तीन दिवस जिल्ह्याला ट्रेनिंगला गेलीस. तेवढ्यात ठेकेदाराने सळईची जाळी बांधली, काँक्रीट ओतलं आणि भराईसुद्धा करून टाकली. आता ३१ मार्चच्या आत रनिंग बिल, म्हणजे आजवर झालेल्या कामाचं बिल, लावायचं आहे. साहेब म्हणतात, ड्रॉइंगवरून सळई चढव आणि तारीख ट्रेनिंगच्या आधीची टाक. पैसे कोणी मागितले नाहीत, कोणी देऊ केले नाहीत, आणि म्हणूनच तुला ठरवता येईना. लाच असती तर तू रात्री फोन केला नसतास, नाही म्हणून झोपली असतीस आणि सकाळी सांगितलं असतंस.

माझं म्हणणं आधी सांगून टाकते. जी जाळी तू पाहिली नाहीस तिची नोंद करू नको. ज्या दिवशी मोजलं नाहीस ती तारीख लिहू नको. आणि साइटवर जाताना ठेकेदाराच्या बोलेरोत बसू नको. हे तिसरं आज लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

एमबीबद्दल तुला शिकवण्याची गरज नाही, पण पोलिटेक्निकमध्ये ती धड्यासारखी शिकवतात आणि नोकरीत वही म्हणून वापरतात, त्यात तिचं वजन हरवतं. पानांवर छापील नंबर का असतात, पान फाडायला बंदी का, खाडाखोड न करता चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून वर बरोबर आकडा, सही आणि तारीख का, उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ का? कारण पुढचा प्रत्येक माणूस तिच्यावरच विसंबतो. उपअभियंता तपासणीची सही करतो ती तुझ्या नोंदीखाली. लेखा शाखा पैसे देते ते तुझ्या आकड्यावर, आणि पैसे दिले की त्या नोंदीवर लाल शाईने रेघ मारून व्हाउचर नंबर टाकते. उद्या लवादात किंवा कोर्टात वाद गेला तर पहिली मागतात ती हीच पुस्तिका. जाळी बघणारा माणूस या सगळ्या साखळीत एकच असतो, तो म्हणजे कनिष्ठ अभियंता. बाकीचे सगळे कागद बघतात.

मागची तारीख टाकली तर कोणाला कळणार, असं साहेब म्हणाले ना? ऑडिटमध्ये मोजमाप तपासायला कोणी टेप घेऊन येत नाही. ते तारखा जुळवतात. सळईचं टॅक्स इन्व्हॉइस आणि ई-वे बिल काढतात, त्यावर दिवस छापलेला असतो. सळई साइटवर आली १४ तारखेला आणि एमबीत जाळी मोजली १० तारखेला, एवढंच पुरतं. सिमेंट रजिस्टर, तुझी दैनंदिनी, ट्रेनिंगचा हजेरीपट, प्रवासभत्त्याचं बिल, क्यूबच्या, म्हणजे काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्यांच्या, अहवालावरची कास्टिंगची तारीख हे सगळे वेगवेगळ्या टेबलांवरचे कागद आहेत. सगळ्यांना एकत्र खोटं करणं कोणाला जमत नाही. मग हाफ मार्जिन, म्हणजे ऑडिटची लेखी विचारणा, निघतं, त्याचं उत्तर समाधानकारक नसेल तर पॅरा, म्हणजे अहवालातला आक्षेप, होतो, आणि तोवर साहेबांची बदली झालेली असते. पुस्तिकेत अक्षर तुझं असतं.

पण पकडली जाशील म्हणून करू नको, असं मला म्हणायचं नाही. न पकडता निभावलं तरी जाळी तशीच राहते. मी हिशेब करून पाहिला. बारा एमएमची सळई, दीडशे एमएमच्या अंतराने, कडेला पन्नास एमएमचं कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) सोडून एक मीटर नव्वदची लांबी. एका दिशेला १४ सळया, दोन्हीकडून २८. अंतर दोनशे ठेवलं तर ११ आणि २२. मीटरला ०.८८८ किलोने धरलं तर एका फूटिंगमध्ये दहा किलोचा फरक पडतो, चोवीस फूटिंगला दोनशे चाळीस किलोचा. पैशात ही चोरी फार मोठी नाही. पण पायात पाचवा हिस्सा लोखंड कमी आणि वर वर्गखोल्या. त्याने कमी टाकली असं मी म्हणत नाही. बरोबर टाकलीही असेल. कोणालाच माहीत नाही, एवढंच खरं आहे. आणि तुझी सही म्हणेल की माहीत आहे.

हा लेक्चरचा सूर लागला, माफ कर. बाबा बाजूला बसून वाचताहेत. म्हणतात, तिला काय करू नको ते सांगितलंस, काय करायचं ते सांग. कव्हरचा आणि क्यूबचा भाग त्यांनी सांगितलेला आहे.

खोदाई आणि पीसीसीचं बिल लगेच लाव, उद्याच. ते तू मोजलेलं आहे आणि तो ठेकेदाराचा हक्काचा पैसा आहे. प्रामाणिक कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर बिल पंधरा दिवस पडून राहतं, आणि मुकादम मजुरांना "मॅडमने अडवलं" म्हणून सांगतो, हेही वाईटच. मार्चमध्ये मजुरी थकली की लोक गावी परत जातात. जे खरं आहे ते लवकर मोजणं हासुद्धा तुझ्या कामाचा भाग आहे.

फूटिंगचं असं कर. चोवीसपैकी तीन निवड, पण तू निवड, ठेकेदार दाखवील ती नको. एक कोपऱ्यातलं, एक मधलं, एक जिथे काम घाईत झालेलं दिसतं तिथलं. बाजूची भराई काढली की काँक्रीटचं माप टेपने घेता येतं. जाळी बघायची तर तळाजवळच्या कडेचं कव्हर हलक्या छिन्नीने मीटरभर लांबीत काढायचं. सळयांची टोकं दिसतात, अंतर आणि व्यास दोन्ही मोजता येतात. लगतच्या दोन बाजू उघड, म्हणजे दोन्ही दिशा कळतील. नंतर नॉन-श्रिंक (न आकसणाऱ्या) ग्राउटने भरून घ्यायचं. फोडायचं नसेल तर रीबार लोकेटरने, म्हणजे आतली सळई शोधणाऱ्या यंत्राने, कळतं, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबवाले येऊन करून देतात. मात्र हे सगळं लेखी आदेशानेच. झाकलं जाणारं काम झाकण्याआधी लेखी सूचना द्यायची अट करारात असते, ती त्याने पाळली नसेल तर उघडण्याचा खर्च त्याचा. तुझ्या टेंडरच्या प्रतीत ते कलम शोधून नंबर लिहून ठेव. तीन बरोबर निघाली तर उरलेली एकवीस मान्य करायची की नाही, हे कार्यकारी अभियंत्याने लिहून ठरवायचं. तो निर्णय तुझा नाही, अंगावर घेऊ नको.

क्यूबही माग. रोज आठ फूटिंग ओतली असतील तर दिवसाला साधारण चौदा घनमीटर काँक्रीट. सहा ते पंधरा घनमीटरला दोन नमुने, एका नमुन्याचे तीन क्यूब. तीन दिवसांचे सहा नमुने, अठरा क्यूब असायला हवेत. ते कुठे आहेत, पाण्यात आहेत की उन्हात पडलेत, हे आधी स्वतः बघ. अठ्ठावीस दिवसांनी दाब बघताना एका नमुन्यातले तीन आकडे सरासरीच्या पंधरा टक्क्यांच्या आत हवेत. आणि तिन्ही अगदी दशांशापर्यंत सारखे आले तरी शंका घे. हे उन्हाळ्याचे दिवस आहेत, पुढच्या ओतीला क्युरिंग दहा दिवसांच्या खाली जाऊ देऊ नको, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर चौदा.

साहेबांशी आधी तोंडी बोल, त्यांच्या केबिनमध्ये, दुसरं कोणी नसताना. त्यांना चोर समजून जाऊ नको. मार्चअखेर निधी परत गेला की वरून त्यांनाच ऐकावं लागतं, आणि तोच पैसा पुढच्या वर्षी मागताना पुन्हा सगळी कागदं करावी लागतात. नाही म्हणताना हातात दुसरा रस्ता ठेव: "सर, पीसीसीपर्यंतचं बिल तयार आहे, फूटिंग तीन उघडून आठ दिवसांत देते." बहुतेक माणसं इथेच ऐकतात. नाही ऐकलं तर पाच ओळींचं पत्र:

"चोवीस फूटिंगची सळई दि. … रोजी काँक्रीटखाली झाकली गेली. त्या दिवशी मी प्रशिक्षणास हजर असल्याने मला प्रत्यक्ष मोजमाप घेता आलेले नाही. आपण तोंडी सूचना दिल्याप्रमाणे नोंद घेण्याबाबत लेखी आदेश व्हावेत. तोपर्यंत प्रत्यक्ष मोजलेल्या कामाचे देयक सादर करीत आहे. सविनय सादर."

आवक नंबर घे, पोच घे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ वाच. वरिष्ठाच्या सांगण्यावरून वागायचं तर आदेश लेखी घ्यावा, तोंडी मिळाला असेल तर नंतर लेखी पुष्टी घ्यावी, असं त्यातच आहे. म्हणजे तू लेखी मागतेस त्यात उद्धटपणा नाही, नियम तेच सांगतो. पत्र ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नको, पत्रकाराला दाखवू नको. आणि उद्या कोणी पाकीट पुढे केलंच, किंवा मागितलं, तर मग ते वेगळं प्रकरण, लाचलुचपत प्रतिबंधकचा १०६४ नंबर आहे.

आता गाडीचं. तुला सरकारी वाहन नाही, साइट अठरा किलोमीटर आत, एसटी दिवसातून दोनदा, हे सगळं मला पाठ झालंय. पण ज्याचं काम तू मोजणार त्याच्या गाडीतून उतरून तू टेप लावतेस, तेव्हा मजूरसुद्धा बघतात. रोज गाडी, मग रविवारी घरापर्यंत गाडी, मग त्याच्या ओळखीच्यांची खोली कमी भाड्याने. कशालाच लाच म्हणता येत नाही, आणि एक दिवस नाही म्हणताना जीभ जड होते. साइटवर सगळ्यांसोबत चहा घे, त्याला हरकत नाही. डबा आपला ने.

आणि अंधार पडल्यावर त्या गाडीत, त्या रस्त्याने, नाही म्हटल्यानंतरच्या दिवसांत. झालं लिहून. सत्येंद्र दुबेंचं नाव तुझ्यापुढे काढायचं नाही असं बाबांना कबूल केलं होतं. राष्ट्रीय महामार्गाचा अभियंता, निकृष्ट कामाबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली, आणि पत्र नावासकट फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत स्टेशनवरून रिक्षाने घरी जाताना त्यांना गोळी घातली. नंतर २००४ मध्ये तक्रारदाराचं नाव झाकण्याचा ठराव केंद्राने काढला, तो त्यांच्या आईला काय उपयोगाचा. तुझं प्रकरण तसं नाही, चोवीस फूटिंगचं आहे, मला कळतं. रात्री कळत नाही, एवढंच.

तुला आठवतं का, मारबतीच्या मिरवणुकीत बाबांच्या खांद्यावर बसून लाचखोराचा बडग्या (पुतळा) बघितलास आणि विचारलंस, हा माणूस आपल्या ओळखीचा आहे का? आणि त्याच वर्षी अण्णांच्या टेपने आख्खं घर मोजलंस. झोपाळा, देवघर, शेजारच्यांचं मांजर. मांजर हललं म्हणून आकड्यापुढे "अंदाजे" लिहिलंस. ती वही अजून माळ्यावर आहे. आत्या परवा म्हणत होती, रेवा हट्टी आहे, सासरी कसं होईल. मी काही बोलले नाही. मला ते हट्टीपण फार आवडतं आणि त्याचीच धडकी भरते. दोन्ही एकाच वेळी कसं लिहायचं, मला येत नाही.

स्कूटीचं सर्व्हिसिंग करून ठेवलंय, मागचा टायर नवा टाकला. दादा शनिवारी पिकअपमध्ये टाकून आणतो आहे. त्याला कामाचं काही विचारू नको, त्याचं त्यालाच पुष्कळ झालंय. पाच वाजता साइटवरून निघत जा आणि निघताना मला नुसतं "निघाले" एवढं पाठव.

साहेब काय म्हणाले ते कळव. तुझं ठरलेलं असेल आणि ते माझ्या म्हणण्याहून वेगळं असेल तरी कळव, रागावणार नाही.

तुझी,
आई

ता. क. उद्या एमबी उघडशील तेव्हा पीसीसीच्या नोंदीखाली किती ओळी कोऱ्या आहेत ते बघ. असतील तर आधी तिरपी रेघ मारून सही कर, आणि त्याच दिवसाची तारीख टाक. मागच्या तारखेची सळई बसवायला तीच जागा लागते.