रिहॅब वॉर्डातल्या सोशल वर्करताईंना

सप्रेम नमस्कार.

ताई, हे पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. जपानी प्रत वेगळी पाठवत आहोत. इथे उघडपणे लिहितोय ते अशासाठी, की टोकियोच्या निशी-कासाईतल्या किंवा योकोहामातल्या एखाद्या मराठी घरात उद्या कुणाला स्ट्रोक झाला, तर तुम्ही आम्हा दुभाष्यांना शिकवलेलं त्यांच्याही हाती लागावं.

पहिले आभार तारखांचे. घरचे विचारतात, 'बरं कधी वाटेल?' तुम्ही आधी कॅलेंडर पुढे ओढता. 'काइफुकुकी', म्हणजे सावरण्याच्या काळातल्या रिहॅबच्या, वॉर्डात स्ट्रोकसाठी जास्तीत जास्त १५० दिवस; स्मरण, लक्ष, भाषा यांवर परिणाम झाला असेल तर १८०; खुब्याच्या फ्रॅक्चरला ९०. व्यायामाचं एक 'तान-इ' (एकक) २० मिनिटांचं, स्ट्रोकच्या पेशंटला दिवसाला फार तर ९, म्हणजे तीन तास. घरी जायची तयारी पहिल्याच महिन्यात का काढता, हे हा हिशेब कळल्यावर उमगतं.

बिलाचा हिशेब तर तुम्हीच समजावावा. पेशंटने भरायच्या खर्चाची कमाल मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याने मोजतात, त्यामुळे २५ तारखेला दाखल झालं तर ते सहा-सात दिवस स्वतंत्र महिना धरले जातात. त्याच महिन्यात आधीच्या इस्पितळाचंही बिल असेल, तर सत्तरीच्या आतल्या पेशंटसाठी प्रत्येकी २१,००० येन किंवा त्याहून जास्त भरलेली रक्कमच एकत्र धरली जाते. बारा महिन्यांत तीनदा मर्यादा गाठली की चौथ्या वेळेपासून ती खाली येते. जेवण, स्वतंत्र खोली आणि कपडे-डायपरचं भाडं या मर्यादेत बसत नाही. घरचे गडबडतात ते नेमके इथेच.

कंपनीच्या आरोग्य विम्यातून आजारपणाचा भत्ता मिळतो, साधारण पगाराच्या दोन तृतीयांश, एकूण दीड वर्षापर्यंत. डॉक्टर फक्त सरलेल्या दिवसांचा दाखला देतात, पुढच्यांचा नाही. म्हणून फॉर्म दर महिन्याला पाठवायचा. चार महिन्यांचा एकदम पाठवला तर तेवढे दिवस घरात पैसा नाही.

केअर इन्शुरन्स (दैनंदिन देखभालीचा सरकारी विमा) स्ट्रोकच्या पेशंटला चाळिशीनंतरच. आपली आयटीतली बरीच मंडळी तिशीतली, त्यांना ते दार बंद. त्यांच्यासाठी अपंगत्वाचं कार्ड, तेही सहसा सहा महिन्यांनी. हे गोड शब्दांत न गुंडाळता सांगता, त्याबद्दल विशेष आभार. केअर इन्शुरन्स लागू असेल तर घरातल्या आधाराच्या दांड्या आणि उंबऱ्याच्या कामाला दोन लाख येनपर्यंतचा खर्च धरतात, पण अर्ज कामाआधी. आधी दांडी ठोकली की पैसे गेले. भाड्याच्या घरात त्याआधी घरमालकाची परवानगी.

आता जेवण. फॉर्मवर नुसतं 'शाकाहारी' लिहिलं तर ताटातून मासा जातो, पण मिसो सूपमध्ये दाशी, म्हणजे सहसा माशाचा अर्क, राहते. स्वयंपाकघराच्या लेखी ती चव, मासा नव्हे. तुम्ही आहारतज्ज्ञांसमोर चार रकाने करायला लावता: मांस, मासे, अंडी, दाशी. मग प्रथिनांचा प्रश्न उरतो, तिथे टोफू आणि दूध. नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) ही चालेल, पण वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू असेल तर अजिबात नाही, त्यातलं व्हिटॅमिन के औषधाचा परिणाम कमी करतं. आणि डब्यातून मायेने आणलेलं पातळ वरण! गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला घट्ट भातापेक्षा पाण्यासारखं पातळच जास्त धोक्याचं, ते सटकन श्वासनलिकेत उतरतं. घट्ट करायची 'तोरोमी' पावडर किती घालायची ते स्पीच थेरपिस्टना विचारूनच.

स्पीच थेरपिस्टवरून आठवलं. भाषेची तपासणी जपानीत झाली की मराठी माणूस आहे त्यापेक्षा वाईट ठरतो. म्हणून तुम्ही घरच्यांकडून चित्रांची कार्डं करून घेता: ताट, चमचा, पाणी, चावी, डोळा. वर मोठ्या अक्षरांत देवनागरी, खाली थेरपिस्टना वाचता यावं म्हणून जपानी लिपीत उच्चार. त्या लिपीत 'ळ' नाही, म्हणून 'डोळा'चा 'डोरा' होतो. मग पेशंट मान हलवून म्हणतो, 'डोरा नाही, डोळा.' थेरपिस्ट तेही वहीत लिहून ठेवतात.

तुमचे,
पेशंटसोबत दुभाषे म्हणून येणारे आम्ही काही मराठी