थेल्मा रिटर आणि माझा राजीनामा

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबांनी "बघू" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला असता. म्हणून लिहितेय. बँकेचा राजीनामा दिला. आता नाटकात काम करणार, मिळेल ते, बारीकसारीकसुद्धा. घाबरू नका. घराचा हप्ता समीरच्या पगारातून जातो, विमाही त्याच्याच नोकरीतला. तुमचे पैसे एक तारखेलाच येतील. तात्यांचं झालं तसं माझं होणार नाही.

"पंचेचाळिशीत हे काय खूळ?" आई, थेल्मा रिटरचं ऐक. ही इथलीच, ब्रुकलिनची, जन्म 1902 चा. नाटक शिकली, थोडं केलं, मग मुलांपायी घरी राहिली. पुढे रेडिओवर कामं केली. सिनेमात आली 1947 साली, पंचेचाळिसाव्या वर्षीच! पोरासाठी खेळणं शोधून वैतागलेली आई, एवढंच काम. श्रेयनामावलीत नावही नाही. पण 1950 ते 1953 सलग चार वर्षांच्या कामांना ऑस्करची नामांकनं, पुढे आणखी दोन. मिळालं एकदाही नाही. बाबा, "मग उपयोग काय" म्हणू नका, 1958 मध्ये रंगभूमीचं टोनी मिळालं तिला.

मोलकरीण, सासू, नर्स अशीच कामं. 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'मध्ये ती टाय विकते, पोलिसांना खबरा देते आणि आपल्याला बेवारस पुरू नये म्हणून पैसे साठवते. त्यात ती इतकी खरी थकलेली दिसते की मला नायक-नायिका आठवतच नाहीत.

'रिअर विंडो' बाबांनी बघायलाच हवा. पाय प्लास्टरमध्ये, दिवसभर खिडकीत बसलेला माणूस, आणि ही त्याला मालिश करता करता झापते. तुमच्या मालिशवाल्या मावशींना मात्र दाखवू नका, त्यांना आयतीच वाक्यं मिळतील.

आई, गॅदरिंगला काजळाने माझ्या मिशा तूच काढायचीस. पुसताना आधी पदराचं टोक ओलं करायचीस, मला खुपू नये म्हणून. तू नाराज असलीस तर चालेल, पण बोलणं टाकू नकोस गं.

बाबा, काठीशिवाय बाथरूमला जायचं नाही. रात्री तर नाहीच. आई, बीपीची गोळी चुकवायची नाही, आणि लोणच्याची बरणी ओट्यावरून आत ठेव. दिवाळीला मी येतेय, तिकीट काढलंय. तोवर आत्याला काही सांगू नका. तिला मी सांगेन, माझ्या पद्धतीने.

तुमची,
छकुली